वरच्या मजल्यावरचा क्ष

मार्च लागला की आमच्या घरात आलेखाचे कागद लोळू लागतात. सोफ्यावर, जेवणाच्या टेबलावर, एकदा तर एक कागद पिठाच्या डब्यावर सापडला. माझी लेक सई आठवीत आहे. परवा ती अशाच एका कागदाशी झटापट करत बसली होती आणि चार बिंदू जोडून जी रेघ सरळ यायला हवी ती काही केल्या येईना. मी दुधी चिरता चिरता डोकावले. तीन-पाच हा बिंदू तिने पाच-तीनवर नेऊन ठेवला होता. "अगं, गल्ली आधी, माडी नंतर," मी म्हणून गेले. सईने मान वर केली. "काय आधी?" मी म्हटलं, "आधी आडवं चालायचं, मग उभं चढायचं. इतकंच." तिने बिंदू हलवला आणि रेघ सरळ आली. मी मात्र सुरी हातात धरून तशीच उभी राहिले. ते वाक्य मी पस्तीसएक वर्षं तोंडातून काढलं नव्हतं.

वाक्य बाबांचं. बाबा कराडकडचे, नकाशे काढणाऱ्या एका केंद्र सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन. बदली होऊन आम्ही चंडीगडला गेलो तेव्हा पंजाब धुमसत होता आणि नातेवाइकांनी आम्हाला असा निरोप दिला होता की जणू आम्ही परत येणारच नाही. बाबांना त्याची फिकीर नव्हती, निदान तसं दाखवत तरी नव्हते. त्यांची फिकीर एकच, पेन्सिलीचं टोक. "बिंदूला जाडी नसते," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत, आणि बोथट पेन्सिलीने कुणी बिंदू काढला की त्यांना शारीरिक त्रास व्हायचा.

चंडीगडला राहिलेल्याला आलेख शिकवायला नको, ते शहरच आलेखाच्या कागदावर वसवलंय, असं मला पुष्कळ जण ऐकवतात. कौतुकाने ऐकवतात म्हणून मी हसते. पण माझ्या आठवणीतला मार्च चौकटीत बसत नाही. तिथे झाडं आपल्याकडच्यासारखी थंडीत पानं टाकत नाहीत, ऐन वसंतात टाकतात. रस्त्यावर करकरीत वाळकी पानं आणि त्याच झाडांवर कोवळी तांबूस पालवी, असं दोन्ही एकदम. सावरीची जाड लाल फुलं फुटपाथवर पडून चपलेखाली निसरडी व्हायची. गच्चीवर रजया उन्हात घातलेल्या, त्यांना नॅफ्थलीनचा वास, खाली कुणीतरी किन्नूची संत्री सोलतंय त्यांचा वास. आणि नाक्यावर वाळूच्या पोत्यांची भिंत, पोत्यांमधून बाहेर आलेली बंदुकीची नळी. आम्ही तिच्यासमोरून सायकली हाणत शाळेत जायचो. बसमध्ये लिहिलेलं असायचं, लावारिस वस्तू को हाथ न लगाएँ. एकदा माझा डबा मी मैदानावर विसरले, तर चपराशी, दोन बाई आणि अख्खी सातवी त्याच्याभोवती लांबून गोल करून उभी. आत आईने दिलेला गूळ-पोळीचा रोल होता. आम्ही त्यावर महिनाभर हसलो. मुलांना भीतीची सवय फार लवकर होते.

आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहायचो, वरच्या मजल्यावर जस्सी राहायची. तिचं पूर्ण नाव जसप्रीत, पण ते फक्त हजेरीत. माझ्याच वर्गात. दोन घट्ट वेण्या, गुडघ्यावर कायम एक खपली. तिचे वडील पगडीवाले, मितभाषी, राज्य सरकारच्या कुठल्याशा खात्यात कारकून. ते जिना उतरताना आईला "सत श्री अकाल बहनजी" म्हणत आणि आई "नमस्ते भाईसाब" म्हणे. जस्सीची आई थंडीभर पिन्न्या, म्हणजे कणकेचे लाडू, वळायची आणि अर्धा डबा खाली यायचा. आमच्याकडून थालीपीठ वर जायचं. जस्सी त्याला "तुम्हारा वाला पराँठा" म्हणायची आणि दह्यात बुडवून तीन खायची.

गणित मात्र तिला बापजन्मात जमायचं नाही, असं तीच म्हणायची. आठवीची वार्षिक परीक्षा तोंडावर आली तेव्हा बाबांनी तिला संध्याकाळी खाली बोलवायला सुरुवात केली. व्हरांड्यात चटई, एका बाजूला मी, एका बाजूला ती, समोर वेताच्या मूढ्यावर बाबा. बाबा बीजगणित मराठीत शिकलेले आणि त्यांची हिंदी म्हणजे मराठीवर टाकलेली पातळ चादर. पहिल्या दिवशी त्यांनी सुरुवात केली, "समजा..." त्याबरोबर जस्सी म्हणाली, "हाँ जी, समझ गई."

बाबा थांबले. "अजून मी कुठे काय बोललो?"

बाबांच्या तोंडी 'समजा' म्हणजे मानून चाला, धरून चाला. जस्सीच्या कानांना ते 'समझा?' ऐकू यायचं, आणि चांगल्या घरची मुलगी असल्यामुळे ती लगेच हो म्हणायची. बाबांचं प्रत्येक गणित 'समजा'नेच सुरू होणार आणि प्रत्येकाला ती आधीच समजलेली असणार. मला दोन्ही भाषा येत होत्या, मी एका वाक्यात हा घोळ मिटवू शकले असते. मिटवला नाही. मजा येत होती हे एक. दुसरं कारण सांगायला आज लाज वाटते, पण सांगते: मी चुकले की बाबा "ध्यान कुठंय?" म्हणून खेकसायचे आणि जस्सी चुकली की "कोई बात नहीं बेटा." मला ते सहन होत नव्हतं.

त्यानंतरचं तर याहून भारी. बाबा एक्सला क्ष म्हणायचे. ते म्हणाले, "समजा, हम एक क्ष लेते हैं. तुम भी क्ष लो." जस्सी एकदम सरसावून बसली. तिच्या जिभेला क्ष येत नव्हता आणि कानाला त्याहून येत नव्हता. "अंकल जी," ती हळू आवाजात म्हणाली, "हमारे में कश नहीं लेते." तिला वाटलं बाबा तिला विडीचा झुरका घ्यायला सांगतायत. तंबाखू म्हणजे त्यांच्याकडे केवढं पाप! आई पदर तोंडाला लावून आत पळाली. बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

पण जस्सीचे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नसायचे. "ये है कौन?" ती विचारायची. "नाम है तो किसी का तो होगा." बाबांनी मूढ्यावरून उठून मूढाच पुढे ठेवला. "हे बघ, क्ष म्हणजे ही बैठक. आता हिच्यावर मी बसलो होतो. तू बस. आता तू आहेस. ही नीलू बसली की नीलू. बैठक तीच, बसणारा बदलतो. म्हणून त्याला चल म्हणतात." जस्सी बसली, उठली, पुन्हा बसली. मग म्हणाली, "पर कल वाले सवाल में तो एक ही बंदा निकला था. पाँच." बाबांना तो प्रश्न फार आवडला. ते म्हणाले, क्ष दोन प्रकारांनी भेटतो. समीकरणात तो लपून बसलेला असतो, आपण त्याला हुडकून बाहेर काढायचा. आलेखात तो फिरता असतो, त्याला पाहिजे तिथे जाऊ द्यायचं आणि य त्याच्या मागोमाग कसा जातो ते बघायचं. "एक छुपा, एक घूमता," जस्सीने वहीत लिहिलं. पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना ही गोष्ट इतक्या थोडक्यात का सांगता येत नाही, असं मला सईचं पुस्तक चाळताना वाटतं.

बिंदू मांडताना ती हमखास उलटी जायची. आधी वर चढायची, मग आडवी सरकायची. तिची रेघ नागमोडी. तेव्हा बाबांनी ते वाक्य तयार केलं. तू शाळेतून येतेस तेव्हा आधी गल्ली चालतेस का आधी जिना चढतेस? गल्ली आधी, माडी नंतर. जस्सीने माडी म्हणजे काय ते विचारून घेतलं आणि मग ते मराठीच म्हणायला लागली, "गल्ली आदी, माडी नंतर." एक दिवस तिचे पाचही बिंदू बरोबर पडले. बाबांनी पट्टी पुढे केली. तिने श्वास रोखून रेघ ओढली आणि ओरडली, "अंकल जी, सीधी आ गई!" तिचा तो चेहरा मला आजही लख्ख दिसतो. आपल्या हातून जगात काहीतरी सरळ होऊ शकतं, याचा आनंद होता तो.

त्याच आठवड्यात तिने मला गच्चीवर, रजयांच्या आड सांगितलं. तिच्या ताऊजींचा, म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा, तिचा वीरजी, गावाहून आला होता. कॉलेजात शिकणारा. गावात त्याच्या वयाच्या मुलांना रोज उचलून नेत होते, कुणी परत येत होतं, कुणी येत नव्हतं. म्हणून त्याला इथे आणून मागच्या खोलीत ठेवला होता. खिडकी उघडायची नाही, गच्चीवर यायचं नाही, नाव घ्यायचं नाही. घरात सगळे त्याला नुसतं "ओ" म्हणत, म्हणजे तो. "उसने कुछ किया नहीं है, नीलू. पक्का," ती म्हणाली. मग जरा हसून, "हमारे घर में भी एक क्ष है. छुपा वाला." क्ष तिला पहिल्यांदाच नीट म्हणता आला होता. तिने मला वाहेगुरूंची शपथ घालून कुणाला सांगू नको म्हटलं. मी शपथ घेतली.

आई म्हणायची, नीलूच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्या दिवशी संध्याकाळी जेवताना बाबांनी सहज विचारलं, चल म्हणजे काय, सांग बघू तुझ्या शब्दांत. मला शाबासकी हवी होती. जस्सीला रोज मिळायची तसली. मी म्हटलं, "बाबा, चल नाही, मला लपलेला क्ष माहितेय. जस्सीच्या घरात एक क्ष आहे."

आईचा वाढता हात थांबला. बाबांनी घास खाली ठेवला. ते मला काही रागावले नाहीत. उलट तोंडी परीक्षेसारखे एकेक प्रश्न विचारले. कोण? कधीपासून? किती वर्षांचा? कुठली खोली? मी सगळ्यांची अचूक उत्तरं दिली. शेवटी ते म्हणाले, "हे बाहेर कुठे बोलायचं नाही." आई म्हणाली, "त्या पोरीला आता काही दिवस खाली बोलवू नका." मी आमटीभात संपवला. आपण काय केलं हे मला कळलं नव्हतं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. ताटावरून उठताना मी कुणाच्याच तोंडाकडे पाहिलं नाही, म्हणजे थोडं कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची जीप आली. जिन्यावर बूट वाजले, वर भांडं पडल्याचा आवाज झाला. जस्सीची आई मोठ्याने काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा तेच. बाबा दाढी करत होते. त्यांनी दाराला कडी लावली आणि परत येऊन उरलेल्या अर्ध्या गालाची दाढी पूर्ण केली. वीरजी सापडला नाही, तो आदल्या पहाटेच कुठेतरी निघून गेला होता. म्हणून ते जस्सीच्या वडिलांना घेऊन गेले. आठ दिवसांनी तिचे वडील परत आले. त्यानंतर जिना चढताना ते दर तिसऱ्या पायरीला थांबायचे, आणि "सत श्री अकाल बहनजी" म्हणणं त्यांनी सोडलं नाही. वीरजीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी कधी शोधलंही नाही.

वडील तिकडे असतानाच जस्सी एकदा वही घेऊन दाराशी आली. "अंकल जी फ्री हैं?" मी दार अर्धंच उघडलं. म्हटलं, "पापा को काम है." आतून बाबांच्या खोकल्याचा आवाज आला. ती "अच्छा" म्हणाली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. वर तिच्या घरात माणसांची ये-जा होती, तिला अभ्यासाला दुसरी जागा नव्हती. मी दाराच्या आत उभी होते. ती स्वतःशीच पुटपुटत होती, "गल्ली आदी, माडी नंतर. गल्ली आदी." माझ्यात आणि तिच्यात एक लाकडी फळी होती. मी कडी काढली नाही. आयुष्यात मी बरीच दारं लावली असतील, पण ते एक मला उघडून यायचंय.

ती पास झाली. गणितात माझ्यापेक्षा चारच गुण कमी. एप्रिलच्या सुरुवातीला ट्रक आला आणि त्यांचं सामान वरून खाली येऊ लागलं. ते गावाकडे परत चालले होते. ज्या गावात राहता येत नाही म्हणून पोराला इकडे आणलं, त्याच गावी. जस्सी निरोप घ्यायला खाली आली तेव्हा मी न्हाणीघरात शिरले आणि नळ सोडून बसले. बादली भरली, वाहू लागली, तरी बसले. माझ्या तोंडाकडे पाहिलं तर तिला सगळं दिसेल याची खात्री होती मला. बाहेर आले तेव्हा ट्रक गेलेला होता.

आणि मग मी तेच केलं जे अपराधी माणसं करतात, दुसरं कुणीतरी शोधलं. आई शेजारच्या काकूंशी कुंपणापाशी तासन् तास बोलायची. त्या काकूंचे यजमान कुठल्याशा मोठ्या साहेबाकडे होते. मी ठरवून टाकलं की बातमी आईने फोडली. अठराव्या वर्षी एका भांडणात मी तिला ते तोंडावर सुनावलंही. ती काही बोलली नाही. ते मी कबुलीच समजले. पुढे लग्न, बदल्या, बाबांचं जाणं, सगळं झालं, आणि त्या सगळ्यात आईशी बोलताना माझ्या आवाजात एक बारीक कंगोरा राहिलाच. तिला तो लागत असणार. आता ती ऐंशीची आहे, माझ्याकडेच नाशिकला असते.

परवा सईची रेघ सरळ आली आणि मी सुरी धरून उभी राहिले, तेव्हा आई टेबलापाशी मटार सोलत होती. तिने गल्ली-माडी ऐकलं होतं. सई आपल्या खोलीत गेल्यावर ती म्हणाली, "जस्सीची आठवण आली ना?"

मी म्हटलं, "आई, आता इतकी वर्षं झाली. मी रागावणार नाही. पण तू त्या काकूंना सांगितलं नसतंस तर..."

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं," आई म्हणाली. मटार सोलणं तिने थांबवलं नाही. "तुझ्या बाबांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी, ऑफिसात, साहेबांना. घाबरले होते गं. उद्या कुणी विचारलं, खाली राहून तुम्हाला माहीत कसं नव्हतं, तर सरकारी माणसानं काय सांगायचं? त्यांना वाटलं, नुसती चौकशी करतील. त्या बापाला नेतील असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं."

मी तिच्या समोर येऊन बसले. "मग मी तुला बोलले तेव्हा तू गप्प का बसलीस?"

"माझ्यावर रागावलीस तरी पोळी खायला येणारच होतीस," आई म्हणाली. "त्यांच्यावर रागावली असतीस तर ते जगले नसते."

मी तिचा हात धरला. हिरव्या सालींसकट धरला. इतकी वर्षं या बाईने माझा राग घरातल्या घरात वाहून नेला होता, आणि मी तो तिच्या डोक्यावर रोज थोडा थोडा चढवत होते. मला माफी मागता आली नाही. रडायलाच आलं.

मग तिने ते सांगितलं, जे मी न्हाणीघरात असल्यामुळे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी जस्सी व्हरांड्यात आली. बाबा मूढ्यावर बसले होते. ती म्हणाली, "अंकल जी, मैं पास हो गई, आपकी वजह से. और पापा भी घर आ गए." आणि पंजाबात मुलं मोठ्यांचा निरोप घेताना पाया न पडता नुसती मान झुकवून पुढे उभी राहतात, मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवायचा असतो, तशी ती त्यांच्यासमोर मान झुकवून उभी राहिली.

"मग?" मी विचारलं. "बाबांनी ठेवला हात?"

"ठेवला," आई म्हणाली. "नसता ठेवला तर तिला कळलं असतं."